शालूवहिनीची साधी फाइल

शालूवहिनीपुढे कोणी नवी लायब्ररी ठेवली की ती सर्वांत आधी तिला मारून पाहायची.

आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणजे पुस्तकांचं घर नव्हे, दुसऱ्या कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार कोड. तो आणायचा, आपल्या प्रोग्रामला जोडायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. प्रोग्राममधली माहिती फाइलमध्ये लिहिणं आणि ती परत वाचणं, एवढ्या एका कामासाठी अशा ढीगभर लायब्ऱ्या मिळतात. एक म्हणते मी झपाट्याने लिहिते, दुसरी म्हणते माझी फाइल चिमुकली होते, तिसरी म्हणते मला काही सांगूच नका, माझं मी समजून घेते. या जाहिराती वाचून भारावून जाणाऱ्यांतला मी. वहिनी मात्र ती लायब्ररी लावायची, तिच्याकडून एक फाइल लिहून घ्यायची आणि मग लायब्ररीच कॉम्प्युटरवरून पुसून टाकायची. मागे उरलेली फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडायची, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायची आणि मला हाक मारायची.

"भाऊजी, या इकडं. हे लायब्ररी मेली असं समजा. आता वाचा, काय लिवून गेली थे."

स्क्रीनवर बहुतेक वेळा चौकोन, टिंबं आणि कुठल्यातरी अगम्य लिपीतली अक्षरं. मी म्हणायचो, "वहिनी, ही फाइल माणसांनी वाचायची नसतेच. त्या लायब्ररीनेच परत वाचायची असते."

"थे मेली ना पन."

"ती कशाला मरेल? जगभर वापरतात."

"मी अकोल्याले क्लासात शिकवत होती, तवा फ्लॉपी भी जगभर वापरत होते," ती म्हणायची आणि पुढची लायब्ररी मारायला घ्यायची.

तिच्या मते हे सगळं काम वाळवणाचं. प्रोग्राम चालू आहे तोवर त्यातली माहिती ओली असते. बंद करण्याआधी ती वाळवून फाइलच्या डब्यात भरायची आणि पाहिजे तेव्हा काढून फुलवायची. "कुरडी वायवनारी एक असते, तयनारी दुसरी," ती सांगायची. "तयनारीले आधी वायवनारीचा पत्ता शोधा लागला, तं थे कुरडी कायच्या कामाची?" हे वाक्य मी एका गिऱ्हाइकाला माझंच म्हणून ऐकवलं होतं. गिऱ्हाइकाने कुरड्यांचा भाव विचारला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर बार्शीटाकळीचं. शिक्षण अकोल्याला, आणि नंतर तिथेच एका कॉम्प्युटर क्लासात ती शिकवायची. चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या खोलीत जायचे ते दिवस. लग्न होऊन अमरावतीला आली तेव्हा दादा सरकारी नोकरीत होता आणि मी काहीच नव्हतो. म्हणजे धंदे करून पाहत होतो आणि धंदे मला पाहून पळत होते. तिने आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर मांडले, खिडकीत कूलर बसवला आणि मला भागीदार करून घेतलं. माझी निवड का केली हे ती चारचौघांत सांगायची. "भाऊजी कोनाले नाई म्हनत नाईत. गिऱ्हाईक आत याले तसा मानूस दारात लागते. आन् मी कोनाले लवकर हाव म्हनत नाई. जमते मंग." जमलंही. मी दारात हो म्हणायचो, ती आतून नाही म्हणायची, आणि गिऱ्हाईक मधल्या पायरीवर घाम पुसत उभं असायचं.

उंचीने बुटकी, आवाजाने उंच. पुण्या-मुंबईच्या फोनवरही तिने आपली बोली बदलली नाही. मी फोनवर "आपण, कृपया, नक्कीच" करत वाकायचो; ती म्हणायची, "भाऊजी, कमरेले लचक येईन." समोरच्याला तिचं बोलणं तोडून टाकल्यासारखं वाटायचं. आम्हाला माहीत होतं, ती तोडत नसे, फक्त सोलून बोलायची.

फाइलीबद्दलचा तिचा हट्ट कुठून आला, हे तिने मला एकदाच सांगितलं, बडनेऱ्याच्या स्टेशनवर अकोल्याच्या गाडीची वाट पाहताना. तिच्या बाबांना अचानक त्रास झाला तेव्हा अकोल्यात डोक्याचे फोटो काढले होते आणि ते सीडीत भरून दिले होते. पुढे नागपूरला हलवलं. तिथल्या कॉम्प्युटरवर ती सीडी उघडेना. ज्या मशीनने फोटो काढले त्याच मशीनचा प्रोग्राम पाहिजे होता.

"बाबाचा फोटो सीडीत होता," वहिनी म्हणाली. "सीडी माह्या हातात होती. डॉक्टर समोर होता. आन् मी पोट्ट्याईले कॉम्प्युटर शिकवत होती. तरी नाई उघडली."

"मग?"

"मंग काय. पयल्यापासून तपासन्या. बाबा तसेच स्ट्रेचरवर."

एवढं बोलून तिने भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि गाडी येईपर्यंत त्या सोलत बसली. बाबा लग्नाआधीच गेले होते एवढं मला माहीत होतं; ते त्याच दुखण्यात का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. नंतर दादाने सांगितलं, त्यातच.

आमच्या हातून झालेलं सगळ्यांत नावाजण्यासारखं काम मेळघाटातलं. एक सेवाभावी संस्था जीपमधून दवाखाना घेऊन जंगलातल्या गावांत फिरायची. संस्थेचं ऑफिस अकोल्याला, दवाखाना धारणीला, आणि जीप पार सेमाडोहच्या आतपर्यंत. त्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे ठणकतात, थंडी तर मुळीच सोसत नाही. कोणाला रक्त केव्हा दिलं, औषध कोणतं चालू आहे, पुढच्या वेळी केव्हा बोलवायचं, हे सगळं जीपमधल्या टॅबवर भरायचं आणि धारणीच्या कॉम्प्युटरवर उतरवायचं, असा तो प्रोग्राम. नेटवर्कवर विसंबून राहणं शक्यच नव्हतं, म्हणून सगळा भार फाइलींवर.

वहिनीने बऱ्याच लायब्ऱ्या मारल्या आणि यॅमल नावाच्या फाइली लिहिणारी एक निवडली. यॅमलची फाइल म्हणजे साध्या ओळी: आधी नाव, मग दोन टिंबं, मग माहिती. ती घेऊन आम्ही धारणीला गेलो आणि सिंधू सिस्टरांना दाखवली. सिंधू सिस्टर म्हणजे त्या जीपचा कणा. ड्रायव्हरपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना वचकून. त्यांनी फाइल उघडली, वाचली आणि म्हणाल्या, "हा तं आपला केसपेपरच होय. मी यात माह्या हातानं एखादी ओळ घातली तं चालते का?"

"चालते ना, सिस्टर," वहिनी म्हणाली. "तुमच्यासाठीच हाय थे."

परतीच्या सबंध घाटात ती खिडकीबाहेर बघत गालात हसत होती. मला उलट्या होत होत्या, त्यामुळे तिचं ते समाधान मला नीट पाहता आलं नाही.

काही वर्षं ते काम उत्तम चाललं. मग संस्थेला पुण्याहून मोठे देणगीदार मिळाले आणि त्यांच्याबरोबर समीर सर आले. सर म्हणायचं ते हुद्द्याला. वयाने ते माझ्याहून बरेच लहान. सभ्य, तयारीचे, डोळ्यांत खरंखुरं भलं करायची इच्छा. त्यांच्या कंपनीची स्वतःची लायब्ररी होती आणि यापुढे सगळ्या नोंदी तिनेच लिहायच्या, असं देणगीदारांचं म्हणणं होतं. तसं झालं तर आमचं काम संपणार होतं. अकोल्याच्या ऑफिसात बैठक बसली. बाहेर मे महिना, आत कूलर एवढा आवाज करत होता की प्रत्येक जण भांडल्यासारखा बोलत होता. वहिनी तशीही त्याच आवाजात बोलायची.

"आमची फाइल अगदी छोटी होते," समीर सर म्हणाले. "वाचायला वेळच लागत नाही."

"कोनाले?" वहिनी.

"म्हणजे?"

"वाचाले वेळ लागत नाई म्हनता. कोनाले लागत नाई?"

"सिस्टीमला."

"आन् सिंधू सिस्टरले?"

सिंधू सिस्टर तिच्या शेजारीच बसल्या होत्या. समीर सर त्यांच्याकडे पाहून हसले. "सिस्टरना फाइल उघडायची गरजच पडणार नाही. त्यांच्यासाठी छान स्क्रीन आहे."

"टॅब जीपमधून पडला, फुटला. आतलं कार्ड तेवढं हाती राहिलं. मंग?"

"मग आमच्या सपोर्टला फोन करायचा."

संस्थेचे डॉक्टर टेबलापलीकडे बसले होते. ते म्हणाले, "सेमाडोहच्या पुढे फोन लागला तर आम्ही पेढे वाटतो, समीर."

वहिनीने समीर सरांचा लॅपटॉप मागून घेतला. त्यांच्या लायब्ररीकडून एक फाइल लिहून घेतली, लायब्ररी काढून टाकली आणि फाइल नोटपॅडमध्ये उघडून लॅपटॉप डॉक्टरांकडे फिरवला. चौकोन, टिंबं. "हे पाहा सर, तुमचा पेशंट," ती म्हणाली. मला वाटलं, जिंकलो. मी चहासुद्धा सांगितला.

समीर सर चिडले नाहीत. ते म्हणाले, "आता तुमची फाइल पाहू या, ताई? संस्थेने नमुन्याला दिलेल्या जुन्या नोंदी पाहताना मला हे सापडलं." आणि त्यांनी आमची एक फाइल उघडली. खरोखर कोणालाही वाचता येत होती. नाव, गाव, रक्तगट, औषध. पुढच्या भेटीची तारीख, आणि तिच्याखाली एक ओळ: भेटीची वेळ, दोन टिंबं, 630.

"हे सहाशे तीस काय आहे?"

वहिनीने चष्मा नाकावर घेतला. थोडा वेळ पाहिलं आणि चष्मा पुन्हा वर केला. तिला कळलं होतं. मला कळायला परतीची गाडी लागली, म्हणून इथेच सांगतो. आमच्या प्रोग्राममध्ये पुढच्या भेटीची तारीख होती, वेळेची ओळ नव्हती. सिंधू सिस्टरांनी ती गरज म्हणून हाताने घातली होती आणि वेळ लिहिली होती, 10:30. आमची लायब्ररी समजूतदार. आकड्यांच्या मध्ये दोन टिंबं दिसली की ती त्याची मिनिटं करून टाकायची. साडेदहा तासांची मिनिटं सहाशे तीस. प्रोग्रामने स्वतः वेळ लिहिली असती तर तिच्याभोवती अवतरणचिन्हं घातली असती आणि काही बिघडलं नसतं. सिस्टरांनी माणूस लिहितो तशी लिहिली. प्रोग्रामने ती फाइल वाचली आणि परत लिहून ठेवताना साडेदहाच्या जागी सहाशे तीस लिहिले.

डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर, तुम्हाला हे दिसलं नाही?"

"दिसलं ना, सर. म्या लिवलं होतं साडेदहा, आन् तिथं हे. मले वाटलं शालूताईनं काईतरी सोय केली असन." मग त्या म्हणाल्या, "मी तोंडीच सांगत होती सगळ्याईले, म्हनून काई अडलं नाई. पन हिवाळ्यात मी सुटीवर होती ना, तवा दुसरी सिस्टर होती. तिनं सहाशे तीस म्हंजे सकाळचे साडेसहा वाचले आन् तसा निरोप धाडला."

निरोप मिळालेली आई आपल्या पोरीला घेऊन आदल्या दिवशीच्या शेवटच्या प्रवासी जीपने धारणीला आली. दोघी एसटी स्टँडवर झोपल्या आणि उजाडायच्या आधी येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. मेळघाटातली हिवाळ्यातली पहाट. दवाखाना उघडला तोवर पोरीचे सगळे सांधे धरले होते. तिला भरती करावं लागलं.

"पोरगी कशी हाय?" वहिनीने विचारलं.

"बरी हाय आता."

समीर सर हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांनी ते कुजकेपणाने म्हटलं नाही, "म्हणूनच सांगतोय, ताई. फाइलीला माणसाचा हात लागूच द्यायचा नाही."

मी मान हलवली. मला पटलंच होतं. मला कोणाचंही पटतं. वहिनी मात्र उभी राहिली.

"लायब्ररी चुकली. थे म्या निवडली, म्हंजे मी चुकली. सिस्टर नाई चुकली. वेळ जशी लिवतात तशीच तिनं लिवली. चूक माही, आन् डोये तुमी सिस्टरचे बांधून राहिले. काहून?"

डॉक्टरांनी बैठक पुढच्या महिन्यावर ढकलली.

त्याच आठवड्यात ती धारणीला निघाली. मी म्हटलं, फोनवर बोलून घेऊ. म्हणाली, "पोरीचे सांधे फोनवर दुखले होते का?" परतवाड्यावरून घाट चढून आम्ही पोहोचलो तेव्हा त्या मायलेकी औषधासाठी आलेल्या होत्या. आई कोरकू बोलणारी, आमच्याशी हिंदीत. वहिनीने तिला समोर बसवून सांगितलं, तुम्हाला पहाटे बोलावलं ती माझी चूक होती.

आईने विचारलं, "तुमने बुलाया था?"

"मैंने नहीं. मेरे मशीन ने."

"तो मशीन को बोलो," ती म्हणाली, "सुबह ठंडी होती है."

"बोलूंगी," वहिनी म्हणाली.

आणि ती खरंच बोलली, मला वाटतं. कारण पुढचे दिवस ती कॉम्प्युटरशी ज्या भाषेत वागत होती ती मी इथे लिहू शकत नाही. नव्या लायब्ऱ्यांचा शोध सुरू झाला. या वेळी तिची कसोटीच बदलली होती. "आता हुशार नोको, भाऊजी. ढ पाह्यजे. काई समजून नाई घेनारी. लिवलं तसं ठेवनारी. समजून घ्याले मानसं हायेत."

आधी तिने जेसन नावाच्या फाइली करून पाहिल्या. या फाइली कडक शिस्तीच्या. वेळेची मिनिटं करत नाहीत, पण एक स्वल्पविराम किंवा शब्दाभोवतीचं एक अवतरणचिन्ह राहिलं तर पूर्ण फाइल नाकारतात. घरात दिवसभर जेसन असा वागतो, जेसन तसा वागतो चाललेलं. माझ्या आईला बरेच दिवस वाटत होतं, आम्ही कोणी ख्रिस्ती मुलगा कामावर ठेवला आहे आणि त्याला जेवायलाही विचारत नाही. सिंधू सिस्टरांनी मात्र जेसनला पहिल्याच भेटीत हाकललं. "शालूताई, हरेक शब्दाले या टिकल्या कोन लावत बसन? माह्या जीपमधी पोट्टे रडून राहतात."

वहिनी रागावली नाही. "बरोबर हाय तिचं," म्हणाली आणि पुन्हा शोधायला बसली. शेवटी तिला पाहिजे तशी ढ लायब्ररी सापडली. फाइली त्याच, यॅमलच्या, साध्या ओळींच्या. फक्त ही लायब्ररी काहीच अंदाज बांधत नव्हती. साडेदहा असो की सहाशे तीस, सगळं अक्षरं म्हणून घ्यायची आणि तसंच परत ठेवायची. आकडा कुठला आणि वेळ कुठली, हे ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने सांगायचं. हळू एवढी की फाइली उतरेपर्यंत माझा चहा होऊन कप धुऊन व्हायचा. तिची जाहिरातसुद्धा कंटाळवाणी होती. वहिनी खूश. "हे पाहा, तुमच्या दादासारखी हाय," ती म्हणाली. आत पेपर वाचणाऱ्या दादाने पान उलटलं.

पुढच्या बैठकीला ती हे सगळं घेऊन गेली, पण निर्णय आधीच झाला होता. देणगी आणि लायब्ररी एकाच गाडीने आली होती. एक उतरवून घ्यायची आणि दुसरी परत पाठवायची, हे संस्थेला जमणारं नव्हतं. डॉक्टरांनी ते सरळ सांगितलं आणि सांगताना टेबलाकडे पाहिलं. काम गेलं. आता जुन्या फाइली तेवढ्या द्यायच्या उरल्या.

दुसरं कोणी असतं तर त्या फाइली अडवून धरल्या असत्या. पण वहिनीच्या फाइली कोणालाही उघडत होत्या. अडवायला तिच्याकडे कुलूपच नव्हतं. तिने पेनड्राइव्ह समीर सरांसमोर ठेवला आणि म्हणाली, "काम घेऊन जा. माहं एकच म्हननं हाय. संस्थेसंगच्या करारात एक ओळ घाला. रोज संध्याकाळी प्रत्येक पेशंटची साधी फाइल निंघाली पाह्यजे. सिस्टरच्या हाती. तिनं त्यात काई लिवलं तं तुमच्या मशीननं थे जसंच्या तसं वाचलं पाह्यजे. आन् हे ओळ माह्याशिवाय काढता नाई आली पाह्यजे."

"ताई, एकच माहिती दोन ठिकाणी ठेवणं हे आमच्या नियमातच बसत नाही."

"मंग मी बसते," वहिनी म्हणाली आणि बसली.

बैठक संपली तरी ती उठली नाही. चहा आला, गेला. पुढच्या बैठकीचे लोक आले, त्यांनाही तिने जागा दिली नाही. सिंधू सिस्टर म्हणाल्या, "मी भी बसते मंग," आणि धारणीची जीप खाली हॉर्न देत राहिली. मी दोनदा वहिनीच्या कानाशी लागलो, जाऊ या आता, बरं दिसत नाही. "भाऊजी," ती मोठ्याने म्हणाली, "तुमी खाली जाऊन कचोरी खाऊन या." मी खाऊन आलो. दोघींसाठी बांधूनही आणल्या. त्या तिथेच खाल्ल्या, कराराच्या कागदांवर तेल पडू नये म्हणून समीर सरांनी कागद उचलून धरले, आणि कागद हातात आलाच आहे तर, असं काहीसं डॉक्टर त्यांना म्हणाले. ओळ घातली गेली. ती बदलायची तर आमच्या ऑफिसची सही लागेल, हेही घातलं गेलं.

परतीच्या गाडीत मी गेलेल्या कामाचं सुतक धरून बसलो होतो. वहिनीने डब्यातली भाकर काढली. "काम गेलं, ओळ राहिली," ती म्हणाली. "घ्या, ठेचा हाय." त्यानंतर तिने त्या कामाचं नाव काढलं नाही, फक्त महिन्याच्या महिन्याला सिंधू सिस्टरांना फोन करून विचारायची, फाइल निघते ना, उघडते ना.

गेल्या वर्षी वहिनी गेली. भाचीच्या लग्नाला अकोल्याला गेली होती. हळदीच्या दिवशी दुपारी म्हणाली, जरा पडते, आणि पडली ती उठलीच नाही. दादा आता पेपर उघडतो आणि तेच पान धरून बसतो. मी पुढच्या खोलीत एकटा बसतो आणि दारात आलेल्या सगळ्यांना हो म्हणतो. आतून कोणी अडवत नाही, त्यामुळे माझ्यावर भलती भलती कामं येऊन पडली आहेत.

या पावसाळ्याआधी संस्थेतून बोलावणं आलं. अकोल्याची तीच खोली. समीर सर आता थोडे जाड झाले आहेत. त्यांनी उठून माझा हात हातात घेतला, ताईंबद्दल मनापासून बोलले. मग म्हणाले, "ती साधी फाइल आता बंद करावी म्हणतोय. ताईंची भावना मी समजू शकतो, म्हणून इतके दिवस विषय काढला नाही. पण त्यात वेळ जातो, आणि खरं सांगायचं तर कोणी वाचत नाही. तुमच्या ऑफिसची एक सही लागेल फक्त."

आमचं ऑफिस म्हणजे आता मीच. डॉक्टरांनी पेन माझ्याकडे सरकवलं. सगळे निवांत होते. माझी कीर्ती त्यांना ठाऊक होती. समोर सिंधू सिस्टर बसल्या होत्या, माझ्याकडे न बघता.

मी पाणी प्यायलो. ग्लास रिकामा झाल्यावर पुन्हा प्यायलो.

"नाही," मी म्हणालो.

समीर सरांना नीट ऐकू आलं नसावं. "काय?"

"ती फाइल निघायची. सही मी करणार नाही."

"पण कारण काय? टेक्निकली त्याची काहीच..."

गाडीत मी एक सुरेख भाषण तयार केलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना. "टेक्निकली मला फारसं कळत नाही," मी म्हणालो. "पण सिस्टर वाचतात ती फाइल."

"रोज?"

"रोज नाही. वाचावी लागते त्या दिवशी."

सिंधू सिस्टरांनी मान वर केली. "परवाच वाचली," त्या म्हणाल्या. "टॅब पान्यात पडला होता. एका पोट्टीले रक्त कवा देल्लं थे याच फाइलीतून काढलं."

कूलर वाजत राहिला. डॉक्टरांनी पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं. मग ते पुढच्या विषयाकडे वळले. तो जीपच्या टायरांचा होता. याच पावसाळ्यात बदलावेत का. मी त्यालाही नाही म्हणालो.

"भाऊ," डॉक्टर म्हणाले, "टायरांचं तुम्हाला कोणी विचारलेलं नाही."